टोपीच्या पोटातली तारीख

वाशीम, कारंजा किंवा रिसोडच्या जुन्या वस्तीतला वाडा पाडायला काढला की सागवानी तुळया आणि पितळी कड्या आधी विकल्या जातात. मग हंडे, समया, भिंतीवरचं घड्याळ. शेवटी उरतो तो माळ्यावरच्या ट्रंकेतला ऐवज: एखादा कोट, छत्रीची मूठ आणि कधीमधी एक काळी किंवा करडी टोपी. हाताला मऊ लागते, पण दाबून सोडली की पुन्हा आपल्या आकारावर येते. भंगाराच्या दुकानात ती तराजूमागच्या खिळ्याला लटकते आणि पाहणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो, ‘किती जुनी असेल हो ही?’ उत्तरही बहुधा ठरलेलं असतं: ‘इंग्रजांच्या काळातली.’

निजामाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केला १८५३ मध्ये. तिथपासून १९४७ पर्यंत इंग्रजांचा काळ चौऱ्याण्णव वर्षांचा होतो. एवढ्या मोठ्या पोत्यात आजोबांची टोपीही मावते आणि खापरपणजोबांचीही. टोपी नीट वाचता आली तर हे पोतं दहा-पंधरा वर्षांच्या पिशवीएवढं आवळता येतं. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. भिंग, शिंप्याची टेप, नोटा तपासायचा जांभळा दिवा आणि थोडी चिकाटी पुरते.

१. कापड नव्हे, जट

आधी ती टोपी कशाची आहे हे पाहायला हवं. भिंग लावून कडेजवळ बघितलं आणि उभे-आडवे धागे दिसले, तर ते विणलेलं कापड: बनात, मखमल किंवा खादी. धागा कुठेच दिसत नसेल, नुसते गुंतलेले केस दिसत असतील, तर तो फेल्ट. मराठीत त्याला नमदा हा जुना शब्द आहे. घोड्याच्या खोगिराखाली घालतात तोही नमदाच.

विणल्याशिवाय केस एकमेकांना धरून कसे राहतात? गव्हाच्या ओंबीचं कुसळ बाहीत शिरलं की काय होतं, ते शेतात खेळलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. हात हलवला की ते वरवर चढत जातं, खाली म्हणून येत नाही, कारण त्याचे बारीक काटे एकाच दिशेला झुकलेले असतात. मेंढीच्या लोकरीवर आणि सशाच्या केसावर असेच सूक्ष्म खवले असतात, कौलारू छपरावर कौलं बसवावीत तसे. गरम पाण्यात भिजवून चोळलं की प्रत्येक केस पुढे सरकतो, शेजाऱ्यात अडकतो आणि मागे फिरू शकत नाही. तासन्‌तास रगडल्यावर सगळ्यांची मिळून एक घट्ट जट तयार होते. लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात धुतला की आखडतो, तेही याचमुळे. वाशीम जिल्ह्यात कापूस पिकतो, पण त्याच्या तंतूला असे खवले नसतात. म्हणून कापसाचं सूत निघतं, कापड निघतं, गादी भरली जाते, नमदा मात्र होत नाही.

टोपीचा फेल्ट मुख्यतः दोन जातींचा. मेंढीच्या लोकरीचा स्वस्त, जाडसर आणि थोडा खरखरीत. सशाच्या किंवा रानसशाच्या केसांचा पातळ, हलका आणि बोट फिरवलं तर पिकल्या जांभळासारखा गुळगुळीत. युरोपात एके काळी बीव्हर या पाण्याकाठी घर बांधणाऱ्या प्राण्याच्या केसांना सर्वांत जास्त मान होता. टोप्यांच्या हौसेपायी त्याची इतकी शिकार झाली, की युरोपातून तो जवळपास संपला आणि उत्तर अमेरिकेत त्याच्या कातड्यांवर मोठा व्यापार उभा राहिला.

सशाचे केस लोकरीइतक्या सहज गुंतत नाहीत. त्यावर कारागिरांनी शोधलेला उपाय भयंकर होता. ते केसांना पाऱ्याचं द्रावण लावत. त्याने केस राठ होऊन गाजरासारखे नारिंगी पडत आणि मग छान जमत. पण वाफेबरोबर पारा कारागिरांच्या फुप्फुसात जाई. हात थरथरू लागत, बोलणं अडखळे, माणूस बुजरा आणि चिडखोर होई. अमेरिकेत डॅनबरी हे टोप्यांचं मोठं गाव होतं. तिथल्या कामगारांच्या या कंपाला गावाचंच नाव पडलं. टोपीवाल्यांच्या वेडेपणाबद्दलची इंग्रजी म्हण याच दुखण्याशी जोडली जाते. अमेरिकेत या उद्योगातला पारा बंद झाला तो १ डिसेंबर १९४१ पासून. जुन्या फेल्टमध्ये पाऱ्याचा अंश आजही सापडतो. म्हणून अशी टोपी नाकाशी धरून हुंगू नये, बंद खोलीत तिला वाफ देऊ नये आणि हाताळल्यावर हात स्वच्छ धुवावेत.

२. काठाची आणि बिनकाठाची

महाराष्ट्रातल्या जुन्या सामानात फेल्टच्या दोन घराण्यांच्या टोप्या मिळतात.

पहिली काठाची, म्हणजे साहेबी हॅट. तिचे आकार नाटक-कादंबऱ्यांतून जगभर पसरले. ‘फेडोरा’ हे नाव १८८२ च्या फ्रेंच नाटकाच्या नायिकेचं. सारा बर्नार्ड या नटीने ती भूमिका केली होती. ‘ट्रिल्बी’ हे नाव १८९४ च्या एका इंग्रजी कादंबरीतून आलं. पुढचा काठ बोटाने खाली दाबता येईल अशी मऊ हॅट १९२० च्या दशकात लोकप्रिय झाली. भारतातली सर्वांत ओळखीची फेल्ट हॅट त्याच दशकातली आहे, भगतसिंगांच्या डोक्यावरची. डिसेंबर १९२८ मध्ये लाहोरमधून निसटताना त्यांनी साहेबी पोशाख केला होता. दुर्गाभाभी पत्नी म्हणून सोबत होत्या आणि खेडचे शिवराम राजगुरू नोकर बनले होते. हॅटमधलं ते प्रसिद्ध छायाचित्र त्यानंतर काही महिन्यांनी, एप्रिल १९२९ मध्ये दिल्लीत काढलेलं. गोऱ्या साहेबाची म्हणून ओळखली जाणारी टोपी त्या फोटोनंतर घराघरांतल्या भिंतींवर क्रांतिकारकाची टोपी झाली.

दुसरी बिनकाठाची, म्हणजे काळी टोपी. विदर्भात हिचंच राज्य होतं. पगडी, पागोटं, रुमाल बांधायला वेळ लागे. तयार टोपी खुंटीवरून काढली की डोक्यावर. कारकून, मास्तर, वकील, अडत्ये आणि कीर्तनकार सगळ्यांनी ती स्वीकारली. नागपुरात सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या गणवेशात १९३० मध्ये खाकी टोपीच्या जागी काळी टोपी आली. दुसऱ्या बाजूला १९२० च्या आसपास गांधीटोपी आली. पांढरी, खादीची आणि धुता येणारी. काळ्या टोपीत मळ दिसत नाही, पांढरी मळली की धुवावीच लागते, म्हणून पांढरा रंग निवडला, असं गांधीजींनी काका कालेलकरांना सांगितलं होतं. आज या बोलण्याचा वेगळाच उपयोग होतो. काळ्या टोपीने वर लपवलेलं तेल आणि घाम आतल्या पट्टीत साठून राहतात. ती पट्टी काळवंडून कडक झाली असेल, तर टोपी रोज वापरात होती. कोरी असेल, तर लग्नाकार्यापुरती.

३. दोन कडा

जुन्या वस्तूचं वय एका खुणेवरून ठरवायला गेलं की हमखास चुकतं. प्रत्येक खूण फक्त एक बाजू सांगते: ‘याच्या आधीची नाही’ किंवा ‘याच्या नंतरची नाही’. शेताच्या दोन धुऱ्यांसारखं हे काम आहे. एक धुरा अलीकडून सरकवायचा, एक पलीकडून. मधे उरेल ती तारीख.

समजा, नांगरताना नाण्यांचा गाडगा लागला. त्यात वीस नाणी १९०५ ची आणि एक १९३८ चं आहे. मग तो १९३८ च्या आधी पुरलेला असणं शक्य नाही. वीस जुनी नाणी एका नव्या नाण्यापुढे हरतात. टोपीतही सर्वांत तरुण भागाचा शब्द शेवटचा. फक्त तो भाग मूळचा की नंतर बसवलेला, एवढं तपासून घ्यावं लागतं.

आणखी एक गल्लत टाळायला हवी. वस्तू घडली कधी, विकली गेली कधी आणि वापरात होती कधीपर्यंत, या तीन वेगळ्या तारखा आहेत. कारंज्यावरून जाणाऱ्या मूर्तिजापूर-यवतमाळ अरुंद मार्गावरच्या शकुंतला रेल्वेचं वाफेचं इंजिन मँचेस्टरमध्ये १९२१ साली तयार झालं. या मार्गावर ते १९२३ मध्ये धावू लागलं आणि एप्रिल १९९४ पर्यंत धावलं. कारंज्याच्या फलाटावर १९८० मध्ये उभ्या असलेल्या माणसाने ते पाहिलं, म्हणून ते १९८० चं होत नाही. आजोबांच्या १९५५ च्या लग्नाच्या फोटोतली टोपीसुद्धा पणजोबांची असू शकते. फोटो एवढंच सांगतो, की त्या दिवशी ती टोपी होती.

४. टोपी उलटी करावी

बाहेरून टोपी फसवते. फॅशन परतून येते, रंग उडतो, रिबीन बदलली जाते. खरी माहिती पोटात असते, आणि ती वाचायला टोपी उलटी धरून उजेडात न्यावी लागते.

कपाळाला टेकणारी आतली पट्टी म्हणजे घामपट्टी. चांगल्या जुन्या टोपीत ती चामड्याची असते. भिंगातून चामड्याची छिद्रं विस्कळीत दिसतात. ठसा एकसारखा आणि मागे कापडाची जाळी असेल, तर ते रेक्झिन. पट्टीवर सोनेरी अक्षरांत कंपनीचं नाव असतं आणि गिऱ्हाईक तिथेच भुलतं. पण नावावरून फक्त पहिला धुरा मिळतो. लंडनची ख्रिस्टीज १७७३ पासूनची, इटलीतली बोर्सालिनो १८५७ ची, अमेरिकेची स्टेटसन १८६५ ची. या कंपन्या विसाव्या शतकातही टोप्या करत होत्या, त्यामुळे नाव जुनं असलं तरी टोपी कालपरवाची असू शकते.

नावाखाली राजाश्रयाची मोहर असली तर ती नीट वाचावी. ब्रिटनच्या गादीवर १९०१ ते १९५२ राजेच होते, १९५२ पासून २०२२ पर्यंत राणी. मजकुरात ‘हिज मॅजेस्टी’ आहे की ‘हर मॅजेस्टी’, एवढ्या एका शब्दाने पन्नास वर्षांचा फरक पडतो.

घामपट्टी हलक्या हाताने उलटली की मागे कधीकधी मापाची कागदी चिठ्ठी सापडते. बोटाच्या पेराएवढा हा कागद फार बोलका असतो. टोपीचं इंग्रजी माप ७, ७⅛ असं विचित्र का दिसतं? कारण तो डोक्याचा घेर नसून साधारण व्यास आहे, तोही इंचांत. समजा, टोपीचा आतला घेर टेपने ५७ सेंटिमीटर भरला. त्याला ३.१४ ने भागलं की व्यास सुमारे १८.१५ सेंटिमीटर. २.५४ ने भागून इंच केले की सुमारे ७.१५. हे अमेरिकेचं ७⅛. त्याच डोक्याला इंग्लंडमध्ये मात्र ७ म्हणतात, कारण त्यांचं माप एक अष्टमांशाने कमी असतं. म्हणजे चिठ्ठीवर ७ आणि टेपवर ५७ आलं तर टोपी इंग्लंडच्या पद्धतीची. चिठ्ठीवर ७ आणि टेपवर ५६ आलं तर अमेरिकेच्या. नुसतं ‘५७’ छापलं असेल, तर इटलीसारख्या मेट्रिक देशातली, किंवा आपल्याकडे ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने मेट्रिक मापं आली त्यानंतरची. फक्त एक लक्षात ठेवावं: जुना फेल्ट आखडतो. अर्ध्या सेंटिमीटरचा फरक पडला तर त्यावर निष्कर्षाचा इमला उभारू नये.

मग धागा. आतून सुटलेलं एखादं सुताचं टोक चिमट्याने काढून, टोपीपासून दूर नेऊन जाळावं. सुती असेल तर कागदासारखं जळून भुरभुरीत राख होते. पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. पॉलिस्टरचा धागा इंग्लंडमध्ये शोधला गेला १९४१ साली आणि भारतातल्या शिवणकामात तो त्यानंतर बऱ्याच वर्षांनी रुळला. अस्तराची मूळ शिवण पॉलिस्टरची निघाली, तर ‘इंग्रजांच्या काळातली’ हा दावा तिथेच संपला.

शेवटी जांभळा दिवा. आतलं पांढरं कापडी लेबल अंधारात त्या उजेडाखाली धरलं आणि निळसर चमकलं, तर त्यात शुभ्रता आणणारं रसायन आहे. या रसायनांचा प्रसार दुसऱ्या महायुद्धानंतरचा. कपडे धुण्याच्या पावडरींतही ती असतात, त्यामुळे धुतलेला सदरा या परीक्षेत नापास होतो. फेल्टची टोपी सहसा कुणी धूत नाही, म्हणून तिथे या दिव्याची साक्ष अधिक भरवशाची.

५. पत्ता हेच पंचांग

अनेक दुकानदार घामपट्टीवर किंवा अस्तरावर स्वतःचा शिक्का मारत. वाशीम परिसरात सापडलेल्या टोपीसाठी ही सर्वांत मोलाची खूण, कारण या भागाएवढ्या वेळा सरकारी पत्ता बदललेले प्रदेश महाराष्ट्रात थोडेच असतील.

वाशीम गाव फार जुनं. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म ती हीच. इथल्या विंध्यशक्ती दुसरा याच्या ताम्रपटावर राजाचं सदतिसावं राज्यवर्ष कोरलं आहे. राजा गादीवर कधी बसला हे कळल्याशिवाय त्या आकड्यावरून साल निघत नाही, म्हणून अभ्यासकांना अक्षरांचं वळण आणि भाषा तपासावी लागते. टोपीवरच्या शिक्क्याचं तसं नाही. त्यातल्या शब्दांच्या जन्ममृत्यूच्या तारखा ठाऊक आहेत.

इंग्रजी अमदानीत गावाचं नाव रोमन अक्षरांत ‘बासिम’ असं लिहीत. बासिम जिल्हा १९०५ मध्ये मोडला आणि त्याचे तालुके अकोला आणि यवतमाळमध्ये गेले. शिक्क्यावर ‘जिल्हा बासिम’ दिसलं तर टोपी मोठ्या मोलाची. पुढे ‘सी. पी. अँड बेरार’, म्हणजे मध्यप्रांत आणि वऱ्हाड. वऱ्हाड त्या कारभाराला १९०३ मध्ये जोडला गेला आणि प्रांताचं हे जोडनाव १९३६ मध्ये पक्कं झालं. १९५० पासून हा भाग मध्य प्रदेशात होता. आजच्या तरुणांना नवल वाटेल, पण राजधानी नागपूर असलेल्या त्या मध्य प्रदेशात वाशीम होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. पंधरा ऑगस्ट १९७२ पासून पिनकोड आला, म्हणजे ‘४४४५०५’ असे सहा आकडे असतील तर टोपी त्यानंतरची. ‘जिल्हा वाशीम’ पुन्हा जन्मला तो १ जुलै १९९८ रोजी. त्यामुळे या जिल्ह्याचं नाव एक तर फार जुन्या वस्तूवर मिळेल, नाही तर फार नव्या.

किंमतही तशीच बोलते. घामपट्टीमागे पेन्सिलने ‘१२-८-०’ लिहिलं असेल, तर ते बारा रुपये, आठ आणे, शून्य पै. दशमान नाणी आली १ एप्रिल १९५७ ला. ‘नये पैसे’ हे शब्द १९५७ ते १९६४ या सातच वर्षांचे, म्हणून ते सापडले तर दोन्ही धुरे एकदम मिळतात. परदेशी बनावटीच्या टोपीसाठी १९५७ हे साल आणखी एका कारणाने महत्त्वाचं आहे. त्या वर्षी परकीय चलनाची टंचाई झाली आणि आयात फार आवळली गेली. दुकानातून सरळ विकत घेतलेली विलायती हॅट म्हणूनच बहुधा त्याआधीची.

६. विकत घेण्याआधी

आपल्याकडे जुने कपडे बोहारणीकडे जातात आणि घरात स्टीलचं पातेलं येतं. टोपीला त्या व्यवहारात मोल नव्हतं, म्हणून ती एक तर फेकली गेली किंवा माळ्यावर विसरली गेली. शोधायचं तर वाडे पाडणाऱ्या ठेकेदारांकडे आणि गावच्या भंगार दुकानांत आधी विचारावं. पुण्यात मंगळवार पेठेचा जुना बाजार, मुंबईत मटन स्ट्रीटचा चोरबाजार आहेच, पण तिथवर पोहोचलेली टोपी आपलं घर मागे टाकून आलेली असते. ‘कुणाच्या वाड्यातून आली?’ या प्रश्नाचं उत्तर गावातच मिळतं. ते त्याच दिवशी कागदावर लिहून टोपीसोबत ठेवावं.

लोकरीला आणि केसांना कसर लागते. टोपी उजेडासमोर धरल्यावर टाचणीएवढी भोकं दिसली, तर ती घरातल्या शालींजवळ नेऊ नये. प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेवावी. कसर मरते, फेल्टला अपाय होत नाही. पाण्याने मात्र कधीही धुऊ नये. ज्या गुणाने फेल्ट जमला, त्याच गुणाने तो आणखी आखडतो.

७. एक टोपी वाचून पाहू

समजा, कारंज्याच्या दुकानात एक करडी हॅट हाती लागली. काठ साडेसहा सेंटिमीटर रुंद, पुढून खाली दाबता येणारा. चिठ्ठीवर ७, टेपवर ५७. पट्टी चामड्याची, तीवर ‘मेड इन इंग्लंड’. खाली अकोल्याच्या दुकानाचा शिक्का आणि ‘सी. पी. अँड बेरार’. आत पेन्सिलने १२-८-०. लेबल जांभळ्या दिव्याखाली चमकत नाही. अस्तराची शिवण सुती, पण बाहेरच्या रिबिनीचा टाका जाळला तर त्याची गोळी झाली.

दाबता येणारा काठ म्हणजे १९२० च्या आधीची शक्यता कमी. प्रांताचं नाव १९५० च्या अलीकडे येऊ देत नाही. आण्यांतली किंमत आणि न चमकणारं लेबल त्याला दुजोरा देतात. जोडनाव पक्कं झालं १९३६ मध्ये, म्हणून पहिला धुरा तिथवर सरकवता येतो, जरा जपून. महायुद्धाच्या वर्षांत जहाजांवर चैनीच्या मालाला जागा नव्हती. तेव्हा १९३६ ते १९३९ ही जास्त संभवनीय वर्षं, त्याखालोखाल १९४६ ते १९४९.

राहिला तो पॉलिस्टरचा टाका. रिबिनीच्या कडेला जुन्या सुईची रिकामी भोकं दिसतात, म्हणजे मूळची शिवण उसवली होती. टोपी विकली गेल्यावर किमान पंधरा-वीस वर्षांनी, साहेबही गेले आणि हॅटची फॅशनही गेली तेव्हा, कुणीतरी ती शिंप्याकडे नेली आणि रिबीन पुन्हा बसवून घेतली.